सूकरमद्दव आणि अळंबी : चुंदाच्या भोजनातील एका पदार्थाची ओळख

दीघनिकायातील महापरिनिब्बान सुत्तात एक शब्द असा आहे की, त्याच्यावर जितकी शाई खर्च झाली तितकी त्या सुत्तातील उपदेशावर क्वचितच झाली असेल. तो शब्द म्हणजे 'सूकरमद्दव'. पावा नगरीत चुंद कम्मारपुत्ताने तथागतांना जे भोजन दिले, त्यात हा पदार्थ होता. हे भोजन तथागतांचे अखेरचे ठरले. तो पदार्थ डुकराचे मांस होता की रानातली अळंबी, हा वाद पंडितांत शंभराहून अधिक वर्षे चालू आहे, आणि आता तो पंडितांपुरता राहिलेला नाही.

निगडी, आकुर्डी, देहूरोड या पट्ट्यातील विहारांत वैशाख पौर्णिमेच्या सुमारास हा प्रश्न हमखास निघतो. विचारणारे दोन प्रकारचे असतात. एकाला कारखान्यात शेजारच्या यंत्रावरच्या माणसाने डिवचलेले असते, की तुमचा बुद्ध तर डुकराचे मांस खाऊन गेला. दुसरा त्या डिवचण्याला उत्तर घेऊनच आलेला असतो : ते मांस नव्हतेच, ती अळंबी होती, असे त्याने कोठेतरी वाचलेले असते. भाड्याचे घर पाहायला गेल्यावर आडनावानंतर 'तुम्ही खाता का?' हा प्रश्न ऐकावा लागणाऱ्या समाजात या दुसऱ्या उत्तराची ओढ का वाटते, हे समजण्यासारखे आहे. तथापि ओढ हा पुरावा नव्हे. म्हणून अळंबीच्या बाजूने नेमका काय पुरावा आहे, तो कोठवर टिकतो, आणि हे उत्तर खरे ठरले तरी त्याने आपले काय साधते, हे येथे तपासावयाचे आहे.

प्रथम मूळ पाठ पाहू. तथागत भिक्खुसंघासह पावा येथे येतात आणि चुंदाच्या आम्रवनात उतरतात. चुंद धम्मोपदेश ऐकून दुसऱ्या दिवसाच्या भोजनाचे निमंत्रण देतो. घरी तो खाद्य-भोज्य पदार्थ आणि त्यांबरोबर पुष्कळसे सूकरमद्दव तयार करवितो. तथागत त्याला सांगतात की, सूकरमद्दव मला एकट्याला वाढ, भिक्खूंना इतर पदार्थ दे, आणि उरलेले खड्ड्यात पुरून टाक. त्यानंतर त्यांना रक्तातिसाराची तीव्र वेदना सुरू होते. ती स्मृतिपूर्वक सहन करीत ते कुसिनारेकडे निघतात. हाच प्रसंग उदानाच्या आठव्या वर्गातही आहे. पदार्थ कशाचा होता, याचा खुलासा दोन्ही ठिकाणी नाही. सुत्तकाराला तो आवश्यक वाटला नाही, याचा सरळ अर्थ असा की त्या काळच्या श्रोत्याला तो शब्द परिचयाचा होता.

शब्दाची फोड सोपी आहे आणि म्हणूनच फसवी आहे. सूकर म्हणजे डुक्कर. मद्दव म्हणजे मृदुता, मऊपणा. मुदु या विशेषणापासून झालेले नाम. या दोघांचा समास मात्र अनेक प्रकारे सोडविता येतो. डुकराचा मऊ भाग, डुकरांना आवडणारे मऊ काही, किंवा मद्द या धातूकडे ओढल्यास डुकरांनी तुडविलेले काही. व्याकरण यांपैकी कोणताही अर्थ निषिद्ध ठरवीत नाही.

इसवी सनाच्या पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी दीघनिकायाच्या अट्ठकथेत पहिला अर्थ स्वीकारला : फार कोवळा नाही, फार जून नाही अशा डुकराचे तयार मिळालेले मांस. मग त्यांनी इतरांची मतेही नोंदविली. कोणाच्या मते ते गोरसात शिजविलेल्या मऊ भाताच्या एका प्रकाराचे नाव होते, जसे गवपान हे एका पाककृतीचे नाव आहे. कोणाच्या मते ते रसायन होते. उदानाच्या अट्ठकथेत आचार्य धम्मपालांनी आणखी दोन मते जोडली. काही म्हणतात, डुकरांनी तुडविलेले बांबूचे कोंब. अन्य काही म्हणतात, डुकरांनी तुडविलेल्या जागी उगवलेले अहिच्छत्तक. अळंबीचा पालीतील सर्वांत जुना आधार हा एवढाच आहे. तो अट्ठकथेतील आहे, तिपिटकातील नाही. आणि ज्यांनी तो मांडला त्यांची नावेही अट्ठकथाकारांनी दिलेली नाहीत. 'अन्य काही' म्हणून उल्लेखिलेले मत खोटे असते असे नाही. पण अट्ठकथाकाराने ते स्वतःचे म्हणून स्वीकारलेले नसते, एवढे भान ठेवले पाहिजे.

'अहिच्छत्तक' या शब्दाकडे थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. अहि म्हणजे साप, छत्तक म्हणजे छत्री. आपल्या खेड्यांत याच वस्तूला कुत्र्याची छत्री म्हणतात. पाली भाषिकांनी छत्रीखाली साप बसविला, मराठी माणसाने कुत्रा. दोन्ही नावांत प्राणी आहे आणि दोन्ही वस्तूंत तो नाही. वाराहीकंदात वराह नसतो, रायगडकडच्या पोपटीत पोपट नसतो. तेव्हा सूकर शब्द आला की मांसच असले पाहिजे, हा आग्रह भाषेच्या स्वभावाला धरून नाही. अळंबीच्या बाजूचा हा मुद्दा मान्य केला पाहिजे.

परंतु त्याच शब्दातून विरुद्ध बाजूचा मुद्दाही निघतो. अहिच्छत्तक हा शब्द अट्ठकथाकारांनी नव्याने घडविलेला नाही. तो तिपिटकात आहे, आणि तोही त्याच दीघनिकायात. अग्गञ्ञ सुत्तात सृष्टीच्या आरंभीच्या आहाराचे वर्णन करताना भूमिपप्पटक जमिनीतून कसा प्रकट झाला हे सांगण्यासाठी अहिच्छत्तकाचीच उपमा दिलेली आहे. म्हणजे दीघनिकायाच्या संग्राहकांपाशी अळंबीसाठी रूढ, सर्वांना कळणारा शब्द होता. तसाच डुकराच्या मांसासाठीही होता. अंगुत्तरनिकायाच्या पञ्चकनिपातात वेसालीचा उग्ग गृहपती तथागतांना आपल्या आवडीचे पदार्थ अर्पण करतो, त्यांत बोरांबरोबर शिजविलेले सूकरमंस आहे, आणि तथागत त्याचा स्वीकार करतात. मांस म्हणायचे असते तर सूकरमंस म्हणता आले असते. अळंबी म्हणायची असती तर अहिच्छत्तक म्हणता आले असते. सुत्तात यांपैकी एकही शब्द नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते यावरून निघणारा सर्वांत सुरक्षित निष्कर्ष हा की, सूकरमद्दव हे कच्च्या वस्तूचे नाव नसून एका तयार पदार्थाचे, पाककृतीचे नाव आहे. बुद्धघोषांनी नोंदविलेले गवपानाचे उदाहरण याच दिशेने जाते.

आता अळंबीचा पक्ष जरा उदारपणे मांडू. असे म्हणता येईल की, छत्रीच्या आकाराची नसलेली कवकेही असतात, आणि त्यांना अहिच्छत्तक हा शब्द लागू पडणार नाही. हे खरे आहे. निगडीच्या दुर्गा टेकडीवर किंवा पुढे देहूरोडजवळच्या घोरावडीच्या लेण्यांकडे पावसाळ्यात हिंडणाऱ्याला हे ठाऊक असते की, जमिनीतून आणि लाकडातून वर येणारी प्रत्येक वस्तू छत्री नसते. वारुळावर मुसळीसारखे किंवा गदेसारखे उभे राहणारे, पांढुरक्या खवल्यांचे एक कवक भारतात अनेक ठिकाणी आढळते. त्याची टोपी छत्रीसारखी उघडत नाही, देठाला मिटूनच राहते. त्याचे शास्त्रीय नाव पोडॅक्सिस पिस्टिलॅरिस. त्यातील दुसऱ्या शब्दात मुसळीचाच अर्थ आहे. कुजक्या ओंडक्याच्या बुडाशी काळ्या बोटांसारखी निघणारी झायलेरिया ही दुसरी जात. तीही गदेच्या आकाराची. बाहेरून दोन्ही 'गदा'च, पण उभी चिरली की फरक कळतो. जून पोडॅक्सिसच्या पोटात काळपट भुकटी भरलेली असते, तर काळ्या झायलेरियाचा गाभा पांढरा निघतो. एक वारुळाच्या मातीवर वाढते, दुसरी मेलेल्या लाकडावर.

हे सांगण्याचे कारण असे की, रानातील कवक ओळखण्याची एक शिस्त आहे. आकार कसा, कशावर उगवले, कोणत्या ऋतूत उगवले, चिरल्यावर आत काय दिसते, बीजाणूंचा रंग कोणता, हे पाहिल्याखेरीज कवकशास्त्रज्ञ नाव देत नाही. नुसत्या आकारावरून नाव देणारा माणूस जेवणाऱ्यांच्या जिवाशी खेळतो. ही शिस्त सूकरमद्दवाला लावून पाहिली की, सुत्त या प्रश्नांपैकी बहुतेकांना काहीच उत्तर देत नाही. आकार नाही, रंग नाही, झाड नाही, माती नाही. केवळ ऋतूविषयी अप्रत्यक्ष काही हाती लागते, आणि तो धागा पुढे उपयोगी पडणार आहे.

असे असूनही आधुनिक काळात नावे दिली गेलीच. टी. डब्ल्यू. ऱ्हिस डेव्हिड्स यांनी १८८१ मधील आपल्या भाषांतरात वाळविलेले डुकराचे मांस असा अर्थ दिला होता. १९१० मधील भाषांतरात तेथे ट्रफल आले. ट्रफल हे जमिनीखाली वाढणारे युरोपातील महागडे कवक. फ्रान्समध्ये ते हुंगून काढण्यासाठी डुकरिणी नेत असत. डुक्कर आणि कवक यांची सांगड इंग्रजी वाचकाच्या मनात आयतीच होती, ती पावानगरीला नेऊन बसविली गेली. गंगेच्या खोऱ्यातील गाळाच्या जमिनीत युरोपातील ते ट्रफल उगवते काय, हा साधा प्रश्न तेव्हा मागे राहिला. ऱ्हिस डेव्हिड्स यांचे पालीवरील ऋण मोठे आहे. परंतु या एका शब्दात त्यांची जेवणाची मेज डोकावते, असे म्हटल्यावाचून राहवत नाही.

याहून अधिक गंभीर प्रयत्न १९८२ साली झाला. आर. गॉर्डन वॉसन हे व्यवसायाने बँकेचे अधिकारी आणि छंदाने कवकांचे अभ्यासक. वेदांतील सोम म्हणजे एक विशिष्ट अळंबी होय, हे त्यांचे मत त्याआधीच गाजले होते. 'बुद्धाचे अखेरचे भोजन' या विषयावरील त्यांचा निबंध वेंडी डोनिगर ओफ्लाहर्टी यांच्या साहाय्याने अमेरिकन ओरिएंटल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : संथाळ लोक सालवनात जमिनीखालून 'पुटका' नावाचे गोळीसारखे कवक काढून खातात, ब्राह्मणग्रंथांत सोमाऐवजी वापरावयाच्या पूतिकाचा उल्लेख आहे, पूतिक आणि पुटका एकच, आणि चुंदाने वाढलेले सूकरमद्दवही तेच. हे कवक काढल्यावर लवकर सडते आणि सडल्यावर मृतदेहासारखी दुर्गंधी येते, असे वॉसन यांना संथाळांनी सांगितले. संथाळी भाषेत वनस्पतींची नावे निर्जीव गणात मोडतात, पुटका मात्र सजीव गणात, हे त्यांचे निरीक्षण फार मनोवेधक आहे. आज झारखंडच्या बाजारात पावसाळ्यात 'रुगडा' या नावाने जे विकले जाते ते याच कुळातील. शास्त्रज्ञ त्याला ॲस्ट्रेअस म्हणतात, कारण पिकल्यावर त्याचे बाहेरचे साल चांदणीसारखे उलगडते.

या मताचा एक गुण असा की ते परदेशी जेवणघरातून आलेले नाही. त्यामागे याच देशातील वनवासी श्रमिकांचे ज्ञान आहे. पुटका सालवृक्षाच्या मुळांशी संलग्न राहून वाढते, आणि तथागतांचे महापरिनिर्वाणही जोडसालांच्या मध्ये झाले, हा योगायोगही लक्ष वेधून घेतो. परंतु ऋतूच्या कसोटीवर हे मत अडते. पुटका पहिल्या पावसानंतर, आषाढ-श्रावणात निघते. थेरवादी परंपरा महापरिनिर्वाण वैशाख पौर्णिमेला मानते. सर्वास्तिवादी ते कार्तिकात मानीत, हे ह्युएन त्संगने नोंदविले आहे. दोन्ही परंपरा सोडून नुसते सुत्त घेतले तरी गोष्ट स्पष्ट आहे. तथागत वेळुवग्रामात वर्षावास पुरा करतात आणि त्यानंतर कधीतरी वेसाली सोडून, भोगनगर, पावा असे गावोगाव संघासह चालत जातात. ज्या दिवसांत ताजे पुटका निघते, नेमके त्याच दिवसांत संघ चालत नसतो. तो वर्षावासात असतो. सडण्याची एवढी घाई असलेली वस्तू वर्षावास संपून काळ लोटल्यावर चुंदाच्या चुलीवर 'पुष्कळशी' येणे कठीण आहे. बांबूच्या कोंबांनाही हीच हरकत लागू पडते, तेही पावसाळ्याचेच. मात्र ते खारवून, वाळवून ठेवता येतात, एवढी सवलत त्यांना द्यावी लागेल.

अळंबीच्या बाजूचा सर्वांत बळकट पुरावा पालीत नाही, चिनीत आहे, आणि आपल्याकडे त्याची चर्चा फारशी होत नाही. इसवी सन ४१२-४१३ मध्ये बुद्धयशस् आणि चू फो-निएन यांनी दीर्घागमाचा चिनी अनुवाद केला. त्यातील याच प्रसंगी चुंद जो खास पदार्थ शिजवितो, त्याचे नाव 'चंदनवृक्षाचा कान' असे आहे. झाडाचा कान म्हणजे झाडावर उगवणारे कवक; चिनी स्वयंपाकात ते आजही वापरतात. आपल्याकडे फणसाच्या खोडावर वाढणाऱ्या औषधी कवकाला फणसांबा म्हणतात, तसाच हा प्रकार : नाव झाडावरून. म्हणजे बुद्धघोषांच्या सुमारासच, त्यांच्याहून दूर, दुसऱ्या एका संप्रदायाच्या परंपरेत हा पदार्थ कवक म्हणून ओळखला जात होता. हा पुरावा झटकून टाकता येत नाही. अडचणी दोन आहेत. चंदनाचे झाड दख्खनचे. पावा-कुसिनारेच्या रानात ते नैसर्गिकरीत्या वाढत नाही. शिवाय तुर्फान परिसरात सापडलेल्या आणि वाल्डश्मिट यांनी १९५०-५१ मध्ये संपादित केलेल्या संस्कृत महापरिनिर्वाणसूत्रात पदार्थाचे नावच नाही. चिनी अनुवादकांसमोरच्या मूळ पोथीत कोणता शब्द होता हे आज हाती नसल्यामुळे, चंदनाचा कान ही भारतीय परंपरा की शाकाहाराकडे झुकलेल्या वातावरणातील उलगडा, याचा निर्णय त्या एका शब्दावरून होत नाही.

काही जण पुढे जाऊन असेही म्हणतात की, ती अळंबी विषारी होती आणि तिनेच तथागतांचा अंत झाला. याला पाठात आधार नाही. जीवघेण्या अळंब्यांचे विष साधारणपणे सहा तासांहून अधिक काळ उलटल्यावर लक्षणे दाखविते. सुत्तातील वेदना भोजनाला लागून येते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ऐंशी वर्षांचे तथागत वेळुवग्रामातच मरणांतिक आजारातून उठलेले होते. थायलंडचे भिक्खू मेत्तानंदो, जे वैद्यकशास्त्राचेही पदवीधर आहेत, त्यांनी जर्मन पंडित फॉन हिन्यूबर यांच्यासह २००० साली पाली टेक्स्ट सोसायटीच्या नियतकालिकात या लक्षणांची छाननी करून, वृद्धापकाळी आतड्याचा रक्तपुरवठा तुटल्याचे निदान सुचविले. मिलिंदपञ्हात नागसेनही जवळजवळ हेच सांगतो : दोष अन्नाचा नव्हता, शरीर थकलेले होते.

मराठीत या प्रश्नाची पहिली निर्भीड चर्चा आचार्य धर्मानंद कोसंबींनी केली. १९१२ ते १९१८ या काळात ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवीत होते. 'भगवान बुद्ध' हा त्यांचा ग्रंथ १९४० सालचा. त्यात त्यांनी अट्ठकथांतील सर्व मते वाचकांसमोर ठेवली, उग्ग गृहपतीचा दाखला दिला, आणि सूकरमद्दव हे मांसच असावे या बाजूला कौल दिला. त्याच प्रकरणात प्राचीन जैन श्रमणांच्या आहाराविषयी त्यांनी जे लिहिले त्यावर जैन समाजात मोठे वादळ उठले. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, कोसंबी स्वतः पार्श्वनाथाच्या चातुर्यामाकडे अखेरपर्यंत ओढले गेलेले गृहस्थ होते. मांसाचे समर्थन करण्यात त्यांचा काही स्वार्थ नव्हता. पाठ जे सांगतो ते सांगावे, एवढीच त्यांची निष्ठा होती. त्यांचा निष्कर्ष सर्वस्वी मान्य नसला तरी ही निष्ठा पाली शिकणाऱ्याने उचलावी अशी आहे.

इथवर आल्यावर मूळ प्रश्नाकडे वळू : अळंबी ठरल्याने आपले काय साधते? जो डिवचतो त्याच्या मापाने पाहिले तर काहीही नाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायातील एकोणिसाव्या श्लोकात, जाणूनबुजून खाल्ल्याने द्विज पतित होतो अशा पदार्थांची यादी आहे. तीत छत्राक म्हणजे अळंबी पहिली आहे आणि गावडुक्कर दुसरे. मग लसूण, गावकोंबडा, कांदा वगैरे. त्याच अध्यायाच्या पाचव्या श्लोकातही लसूण-कांद्याबरोबर कवक वर्ज्य ठरविलेले आहे. मनूहून जुन्या आपस्तंब धर्मसूत्रात ते 'क्याकू' या नावाने अभक्ष्य आहे. याउलट रानडुकराचे मांस श्राद्धात वाढले तर पितर दहा महिने तृप्त राहतात, असे मनूचाच तिसरा अध्याय सांगतो! म्हणजे डुक्कर काढून अळंबी ठेवल्याने चुंदाचे ताट ब्राह्मणी शुद्धीच्या दृष्टीने तसूभरही 'शुद्ध' होत नाही. (मनूने ज्या कवकाला बहिष्कृत केले तोच शब्द आज मराठी विज्ञानाने या संपूर्ण सृष्टीसाठी स्वीकारला आहे, आणि निगडीहून काही मैलांवर पिंपरीत १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सने बुरशीपासूनच पेनिसिलिन काढले, ते कोणी जात विचारून टोचून घेतले नाही.)

आणि पदार्थ बाजूला ठेवला, तरी देणारा राहतोच. मनूच्या चौथ्या अध्यायात कोणाचे अन्न घेऊ नये याची यादी आहे. दोनशे पंधराव्या श्लोकात कर्मार म्हणजे लोहार आहे. त्याच श्लोकात निषाद आहे आणि सोनारही आहे. चुंद कम्मारपुत्त होता. कम्मार म्हणजे धातुकाम करणारा. बुद्धघोष त्याला सुवर्णकाराचा पुत्र आणि मोठा धनिक गृहस्थ म्हणतात. स्वतःचे आम्रवन असणारा माणूस दरिद्री नसणार हे खरे, पण लोहाराचा सोनार करूनही मनूच्या श्लोकातून त्याची सुटका होत नाही. मनुस्मृती तथागतांच्या नंतर काही शतकांनी रचली गेली. परंतु तिच्यात गोळा झालेले निषेध त्याआधीपासून साचत आलेले होते, हे धर्मसूत्रांवरून दिसतेच. त्या मापाने पाहता त्या दिवशी ताटात दूधभात असता तरी ते अन्न अग्राह्यच होते. तथागतांनी ते ग्राह्य मानले. हा मनूचा ग्रंथ २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळला गेला. पुढे सत्तावीस वर्षांनी, त्याच तारखेला, २५ डिसेंबर १९५४ रोजी, निगडीच्या शेजारी देहूरोडला बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी रंगूनहून आलेल्या बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. त्या मूर्तीसमोर बसून ताटातल्या पदार्थाबद्दल मनूच्या मापाने खुलासे देत बसणे, हे निदान विसंगत आहे.

बाबासाहेबांनी १९४८ च्या 'अस्पृश्य मूळचे कोण?' या विषयावरील इंग्रजी ग्रंथात याच्या मुळाशी हात घातला आहे. ब्राह्मण शाकाहारी का झाले, या प्रश्नाचे त्यांचे उत्तर असे की, बौद्ध भिक्खूंना लोकमानसात मिळालेले स्थान परत जिंकण्यासाठी ते त्यांच्या एक पाऊल पुढे गेले. आहाराची शुद्धता ही त्या संघर्षातील एक चाल होती. तथागतांचा स्वतःचा नियम विनयात आणि जीवक सुत्तात स्पष्ट आहे : आपल्यासाठी प्राणी मारल्याचे पाहिलेले, ऐकलेले किंवा संशयलेले मांस भिक्खूने घेऊ नये; अन्यथा दात्याने दिलेले घ्यावे. देवदत्ताने मासे-मांस सर्वस्वी वर्ज्य करण्याची मागणी केली, तेव्हा ती त्यांनी नाकारली. ज्याला करुणेपोटी मांस सोडावयाचे त्याने ते अवश्य सोडावे. लाजेपोटी सोडणे, आणि त्या लाजेला इतिहासाचा आधार शोधणे, ही वेगळी गोष्ट आहे.

तेव्हा या शब्दाविषयी पाली अभ्यासकाने विहारात काय सांगावे? प्रस्तुत लेखक एवढेच सांगतो : तो एका तयार पदार्थाचा शब्द आहे, त्यात डुकराचे मऊ मांस असावे याला अट्ठकथेचा मुख्य आधार आहे, त्यात कवक असावे याला अट्ठकथेतील एका पर्यायाचा आणि चिनी दीर्घागमाचा आधार आहे, ट्रफलला आधार नाही, पुटकाला ऋतू आडवा येतो. कवकशास्त्रज्ञ ज्या खुणा मागतो त्या सुत्तात नसताना जातीचे नाव ठरविणे हे शास्त्र होणार नाही.

सुत्तात खुणा नाहीत, कारण सुत्ताचे लक्ष दुसरीकडे आहे. ककुत्था नदीवर स्नान करून आम्रवनात विसावल्यावर तथागतांना आठवण होते ती पदार्थाची नव्हे, ती चुंदाची. आपल्या हातचे जेवून तथागत गेले, असा दोष कोणीतरी त्याला देईल आणि तो पश्चात्तापाने पोळेल, हे त्यांना दिसते. ते आनंदाला सांगतात की, चुंदाच्या मनातील हा सल काढून टाक. त्याला सांग की दोन भोजनदाने सारख्याच आणि इतर सर्वांहून मोठ्या फळाची आहेत, एक संबोधीपूर्वीचे आणि दुसरे परिनिर्वाणापूर्वीचे. देहवेदना चालू असताना, मृत्यू काही प्रहरांवर असताना, एका कारागिराला भविष्यात लागणारे बोल आधीच अडवून ठेवण्याची ही काळजी आहे. त्यानंतरच्या पंधरा-वीस शतकांत पंडितांनी ताटाकडेच पाहिले, हा भाग वेगळा.

सातव्या शतकात ह्युएन त्संग कुशिनगरला आला, तेव्हा तेथील लोकांनी त्याला नगराच्या ईशान्य कोपऱ्यात अशोकाचा एक स्तूप दाखविला आणि हे चुंदाच्या घराचे ठिकाण असे सांगितले. घर राहिले नव्हते. भोजनदानाच्या वेळी चुंदाने खणलेली विहीर तेवढी होती, आणि तिचे पाणी अजून स्वच्छ व गोड आहे, असे त्याने लिहून ठेवले आहे.